पाणी स्वच्छ येईपर्यंत



आपण मला या परिषदेच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलंत, आभारी आहे. माझ्याहून लायक माणसं या सभागृहात आहेत असं म्हणण्याचा प्रघात आहे. ते म्हणतो आणि पुढे जातो. मी मराठीत बोलणार आहे, त्याला भाषाप्रेम एवढंच कारण नाही. मला जे सांगायचं आहे ते सभागृहातल्या शेवटच्या तीन रांगांबद्दल आहे, तिथल्या सिस्टर, ब्रदर आणि तंत्रज्ञ मंडळींबद्दल. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलायचं आणि त्यांना अर्धंच कळायचं, हे आजवर पुष्कळ झालं.

कार्यकारिणीने विषय दिला आहे, मोठ्या आतड्याच्या डायव्हर्टिक्युलर आजारावरील एंडोस्कोपिक उपचारांचा आढावा. घेतो. तो आखूड आहे हे आधीच कबूल करतो.

आपण पेशंटला सांगतो, "आतड्याला पिशव्या आल्यात," आणि तो लगेच विचारतो, "मग ऑपरेशन कधी?" आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिनी स्नायूचा थर भेदून आत शिरते, तिथे भिंत मुळातच कच्ची असते. आतला दाब वाढला की अस्तर त्या फटीतून बाहेर फुगतं. त्या फुग्याला स्नायूचं अस्तर नाही, आणि रक्तवाहिनी त्याच्या मानेवरून आणि घुमटावरून गेलेली असते. स्नायू नाही म्हणून तो फुटतो, रक्तवाहिनी चिकटलेली म्हणून वाहतो. उपचारांचं म्हणाल तर सूज असताना दुर्बीण घालू नये, सीटी करावा. सूज ओसरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी आत पाहून कॅन्सर नाही ना, याची खात्री करावी. पू साठला तर निचरा बहुधा रेडिओलॉजिस्ट करतो. आतडं आकसलं असेल तर फुग्याने ताणता येतं. तिथे धातूचा स्टेंट ठेवणं हे विकतचं दुखणं, तो सरकतो किंवा भिंत फाडतो. आणि नुसत्या पिशव्या आहेत, पोट अधूनमधून दुखतं, वायू धरतो, एवढ्यावर दुर्बिणीतून करण्यासारखं काही नाही. बहुतेक पिशव्या माणसाबरोबर मुकाट्याने म्हाताऱ्या होतात. रिपोर्टात त्यांचं नाव ठळक लिहून एखाद्या धडधाकट माणसाला जन्माचा पेशंट करू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ.

म्हणजे आपल्या वाट्याला खरं काम उरलं एकच, वाहणारी पिशवी शोधायची आणि बंद करायची. आढावा संपला.

आता या कामावरून आपल्यात दोन तट आहेत. काल संध्याकाळी चहाच्या टेबलावर त्यांची चांगलीच जुंपली होती. एक पक्ष क्लिपवाला, एक बँडवाला. बँडवाले जपानकडे बोट दाखवतात. तिथल्या एकोणपन्नास रुग्णालयांनी मिळून दहा हजारांहून अधिक पेशंटांची नोंद केली, आणि क्लिपपेक्षा बांधून टाकलेली पिशवी लवकर पुन्हा वाहण्याचं प्रमाण कमी, असं तीतून पुढे आलं. माझा त्यावर विश्वास आहे. क्लिपवाले म्हणतात, बँडने धरलेली भिंत पुढे फाटल्याची उदाहरणं आहेत. तीही खरी आहेत. पण बँड लावायचा तर काय करावं लागतं, हे ज्यांनी हाताने केलंय त्यांनी आठवावं. पिशवी सापडली की शेजारी खुणेची एक क्लिप लावायची, दुर्बीण पूर्ण बाहेर काढायची, टोकाला बँडचं यंत्र चढवायचं, पुन्हा आत शिरायचं आणि तीच पिशवी पुन्हा शोधायची. चाळीस-पन्नास सारखी भोकं, त्यातलं एक. चाळीत सगळ्या खोल्यांना एकच रंग असतो, तसं. क्लिप असो की बँड, दोघांनाही आधी ती खोली सापडावी लागते, आणि ती सापडत नाही, कारण चाळीत पूर आलेला असतो.

मित्रहो, हे बोलायला मी तीसेक वर्षं थांबलोय. एवढी वर्षं लागली, कारण बोलायचं तर आधी स्वतःचं काहीतरी सांगावं लागतं.

१९९४ चा पावसाळा. मी तेव्हा कृष्णाकाठच्या एका रुग्णालयात नवाच होतो आणि त्या टापूत कोलोनोस्कोप असलेला एकटाच. रात्री नऊला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले, मुलगा आणि पुतण्या दोन्ही बाजूंनी धरून होते. गुरुजींना तीनदा परसाकडेला रक्त झालं होतं, दुखणं काही नाही, नुसतं रक्त. गुडघ्यांसाठी ते मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून घ्यायचे, किती दिवस, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याआधी त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन दोनदा झालं होतं. आपल्याकडे खालून रक्त पडलं की मूळव्याध, ही गावाची खूणगाठ असते आणि डॉक्टरही गावातच राहतो.

मी एक एनिमा दिला आणि दुर्बीण घातली. पुढे काय दिसलं ते तुम्हाला सांगायला नको. कोकमाचा आगळ ओतल्यासारखं सगळं. शोषून घ्यावं तर नळी तुंबते, हवा भरावी तर पेशंट ओरडतो. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे डावीकडच्या शेवटच्या वळणात, पिशव्या दिसल्या, पिशव्यांत रक्त दिसलं. त्याच्या वर मी गेलोच नाही, जाता आलं नाही. बाहेर येऊन लिहिलं की सिग्मॉइडच्या डायव्हर्टिक्युलामधून रक्तस्राव आहे. सर्जनने माझ्या सहीवर विश्वास ठेवला आणि पहाटे डावं आतडं काढलं. सहाव्या दिवशी गुरुजींना पुन्हा तसंच रक्त झालं. या वेळी ते उजवीकडून होतं, आणि बहुधा पहिल्या रात्रीही उजवीकडूनच होतं. दहाव्या दिवशी गुरुजी गेले.

रक्त ओढ्यासारखं वरून खाली येतं आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात साचतं. हे कळायला एमडी लागत नाही. डबकं कुठलं आणि झरा कुठला, हे कुठलाही शेतकरी सांगेल. मी डबक्याला झरा म्हणून सही केली.

माझ्या बचावासाठी एक पुस्तकी कारण होतं. १९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट यांनी डायव्हर्टिक्युलर आजाराला पाश्चात्त्य संस्कृतीचा न्यूनताजन्य आजार म्हटलं. चोथा न खाणाऱ्यांचा रोग. बर्किट युगांडात सर्जन होते, आफ्रिकेतल्या खेडुतांची मलप्रवृत्ती त्यांनी नेटाने अभ्यासली होती, आणि त्यांचं म्हणणं आपल्या परीक्षकांना इतकं पटलं होतं की आम्हाला तोंडी परीक्षेत भाकरी खाणाऱ्याला हा रोग होत नाही असंच सांगावं लागे. शिवाय पुस्तकातला आजार डावीकडे राहणारा. गुरुजींनी जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली होती, आणि त्यांची पिशवी उजवीकडे होती. पुढे जपान-कोरियातून कळत गेलं की पूर्वेकडे उजव्या बाजूच्या पिशव्या सर्रास असतात. आणि २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कोलोनोस्कोपींच्या अभ्यासात, भरपूर चोथा खाणाऱ्यांना पिशव्या कमी, हेही उभं राहिलं नाही. भाकरी खा, चांगलीच आहे. पण तिच्यावर रोगनिदान सोपवू नका.

हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं कारण साधं होतं. मी आतडं धुतलं नव्हतं.

२००० साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. या सभागृहातल्या प्रत्येकाने तो वाचलाय, निदान त्याचा हवाला तरी दिलाय. दुर्बिणीतून उपचार नव्हते तेव्हाच्या गटात पिशवीतूनच रक्त येतंय हे नक्की झालेले सतरा पेशंट, त्यातल्या नऊ जणांना पुन्हा रक्तस्राव, सहा जणांचं आतडं काढावं लागलं. दुर्बिणीतून उपचार केलेल्या गटात असे दहा, आणि त्यात पुन्हा रक्तस्राव कुणाला नाही, ऑपरेशन कुणाचं नाही. आकडे लहान आहेत, टीकाही झाली, पुढे सगळ्यांना असा निकाल मिळाला नाही, ते सोडा. त्या लेखाच्या मथळ्यात 'अर्जंट' हा शब्द आहे, आणि आपण तेवढाच उचलला. आधी पोट धुऊन काढलं होतं, ते खाली पद्धतीच्या परिच्छेदात होतं. तिथपर्यंत आपण पोहोचलोच नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०१६ मध्ये ते आकड्यात सांगितलं, चार ते सहा लिटर पेग, म्हणजे आतडं धुण्याचं औषधी पाणी, तीन-चार तासांत. चार ते सहा लिटर! आपल्या किती वॉर्डांत रात्री अकराला एवढं पाणी पेशंटच्या पोटात जातं, हात वर करा. राहू द्या, नका करू.

यावर दुसरा वाद उभा राहतो, चोवीस तासांत की नंतर. २०२० च्या जपानी चाचणीत चोवीस तासांच्या आत पाहिलं काय आणि चोवीस ते शहाण्णव तासांत पाहिलं काय, रक्तस्रावाची खूण सापडण्यात फरक पडला नाही. आमचे तरुण मित्र म्हणतात, बघा सर, घाईची गरज नाही. मी म्हणतो, घड्याळ बघूच नका, भांड्यातलं पाणी बघा. ते स्वच्छ आलं की तुमची वेळ झाली. रक्तदाब सावरत नसेल तर आधी सीटी अँजिओग्राफी करा, तिथे जेट दिसला तर रेडिओलॉजिस्टला बोलवा; त्यात माझा वाद नाही. पण सावरलेल्या पेशंटला घाईने न धुता पाहणं आणि आरामात न धुता पाहणं, या दोन्हींत डावं-उजवं काय करायचं?

२००६ ची गोष्ट. रुग्णालय तेच. ऐंशीच्या पुढच्या एक आजी, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू, आणि तसंच रक्त, न दुखता, अंथरूण भरून. मी रक्त चढवायला सांगितलं, अ‍ॅस्पिरिनबद्दल हृदयरोगतज्ज्ञांशी बोललो, पेगची पाकिटं लिहून दिली आणि रात्रपाळीच्या सिस्टरना म्हणालो, जमेल तेवढं द्या. सिस्टर म्हणाल्या, "जमेल तेवढं म्हणजे किती, ते आकड्यात सांगा." मी पाच लिटर म्हणालो. "मग तुम्ही घरी जाऊन झोपा, पाणी स्वच्छ आलं की फोन करते."

मी घरी गेलो नाही, बाजूच्या खोलीत पडून होतो, म्हणून ऐकू आलं. आजींना बसतं केलेलं, पाठीला उश्या, कॉटला लागून कमोड. दर दहा मिनिटांनी पेला.

"आजी, हा शेवटचा."

"मघापासनं शेवटचाच चाललाय गं बाई."

दीड लिटरला आजींनी तोंड मिटलं. मग नाकातून नळी घातली, उरलेलं हळूहळू नळीने. डोकं वर, झोपू द्यायचं नाही, कारण पेगचा घोट श्वासात गेला तर पिशवी राहील बाजूला. दोन तासांत आयांनी अकरा वेळा भांडं रिकामं केलं आणि दर वेळी सिस्टरनी ते दिव्याखाली धरून पाहिलं. पहाटे साडेचारला दार वाजलं. "सर, आता गाळल्यासारखं येतंय. मधूनच एक लाल धागा आहे."

तो लाल धागा मी जन्मात विसरणार नाही. स्वच्छ पाण्यात लाल धागा म्हणजे झरा अजून चालू आहे आणि आता तो दिसणार.

टोकाला पारदर्शक कॅप लावून गेलो. उजवीकडे, चढत्या आतड्यात, एकेक पिशवी कॅपने ओढून बाहेरची बाजू आत करायची, पन्नास सीसीच्या सिरिंजने धुवायची, पाहायची, सोडायची. सतरा पिशव्या पांढऱ्या, कोऱ्या. अठराव्या पिशवीच्या मानेवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका आणि त्यातून तो धागा. पातळ केलेलं अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं, एक क्लिप थेट ठिपक्यावर लावली. धागा तुटला. पंचवीस मिनिटं. आजी पुढे सहा वर्षं जगल्या आणि दर दिवाळीला रुग्णालयात अनारसे पाठवायच्या, माझ्या नावाने.

बिल झालं त्यात क्लिपची किंमत होती, माझी फी होती, ओटीचा चार्ज होता. सिस्टरची रात्र कुठेच नव्हती. आयांचे अकरा फेरे कुठेच नव्हते.

क्लिप की बँड या वादात माझं मत काय, असं काल मला विचारलं गेलं. माझं मत असं आहे की आजींना सिस्टरनी बरं केलं आणि मी एक चिमटा लावला.

बाहेरच्या दालनात सतरा स्टॉल आहेत, मी मोजले. क्लिपा आहेत, ओव्हर-द-स्कोप क्लिपा आहेत, बँड आहेत, फवारायच्या पुड्या आहेत. पेल्याचा स्टॉल एकही नाही. त्यांचा दोष नाही, पाणी विकून कोण परिषदेचा खर्च उचलेल? दोष आपला. आपल्या रिपोर्टात एक ओळ असते, 'प्रेप पुअर'. कर्ता नसलेलं वाक्य. जणू पाऊस कमी पडला. आणि त्याखाली आपणच लिहितो, 'डायव्हर्टिक्युला अनेक, त्यातूनच रक्तस्राव असावा'. असावा! पाचांतले चार रक्तस्राव आपोआप थांबतात, म्हणून हा 'असावा' बहुतेकदा पचतो, पेशंट घरी जातो आणि पेढे आपल्याकडे येतात. आपल्यातल्या किती जणांची कीर्ती या पाचांतल्या चारांवर उभी आहे, याचा हिशेब ज्याने त्याने घरी करावा. मी माझा केलाय. पाचवा पेशंट गुरुजी असतो.

एक आणखी सांगून टाकतो, विषयाला थोडं सोडून. धुतलेल्या आतड्यातही मी एकदा चुकणार होतो. सिग्मॉइडमध्ये गुळगुळीत, गोलसर गाठ दिसली, पॉलिप म्हणून फासा उघडला. शेजारी उभा असलेला आमचा तंत्रज्ञ, बारावी नापास, हळूच म्हणाला, "सर, याच्यावर वलयं आहेत. जरा ढकलून बघा." कॅथेटरच्या टोकाने ढकललं, गाठ आत गेली आणि तिच्या जागी भोक राहिलं. उलटी झालेली पिशवी. फासा आवळला असता तर आतड्याला भोक पडलं असतं, सर्जनला फोन करावा लागला असता, आणि आज हे भाषण दुसऱ्या कुणी केलं असतं. ती वलयं पुस्तकात आहेत. मी वाचली होती, त्याने पाहिली होती.

मला ठाऊक आहे आता काय म्हटलं जाईल. सर, माणसं नाहीत. रात्रपाळीला चाळीस खाटांना दोन सिस्टर. म्हाताऱ्यांच्या हृदयाला पाच लिटर झेपणार नाही. शेवटच्या आक्षेपाला उत्तर सोपं आहे. पेगचं पाणी आतड्यातून तसंच बाहेर येतं, ते रक्तात फारसं शोषलं जात नाही, म्हणून तर ते निवडलं. जपायचं ते श्वासाला. मूत्रपिंड अधू असलेल्यांना फॉस्फेटचे जुलाब देऊ नका, एवढं बस. पण माणसं नाहीत, याला माझ्याकडे उत्तर नाही. नवा प्रोसेसर घ्यायचा तर ट्रस्टींकडे जाऊन आपण तासभर बोलतो. आयाची एक जागा भरा म्हणून आपल्यापैकी कोण बोललंय? मी बोललो नाही. हेही नोंदवून ठेवतो.

अध्यक्षाने वर्षभराचे संकल्प जाहीर करायचे असतात. खालच्या रक्तस्रावाच्या पेशंटांसाठी सगळ्यांनी वापरावं असं एक नोंदपत्रक करावं म्हणतो. त्यात किती लिटर दिलं, कुणी दिलं आणि पाणी कसं आलं, हे रकाने उपकरणाच्या रकान्याच्या वर असावेत. सिस्टर आणि तंत्रज्ञांसाठी या परिषदेत निम्मा दिवस असावा, त्यांनी बोलावं, आपण मागच्या रांगेत बसावं. धुण्याचं मानधन बिलात वेगळं दाखवता येईल का, ते पाहावं लागेल. तपशील कार्यकारिणी ठरवेल. सचिवांच्या चेहऱ्यावरून त्यांना हे आत्ताच कळतंय असं दिसतं.

आता दुसऱ्या सभागृहात क्लिप विरुद्ध बँड हा जाहीर वाद आहे. जरूर जा, दोन्ही बाजूंचे वक्ते उत्तम आहेत.

त्या सिस्टर गेल्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. आज त्यांना इथे बोलावलं होतं, गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. गोळ्या कुठल्या घेता, असं मी फोनवर विचारलं, तर हसल्या. आमच्या वॉर्डातली त्यांची जागा अजून भरलेली नाही.